रायफली जहाजावरच राहिल्या

नाशिककरांना वेगळं सांगायला नको. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडावर येतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर. कुणी कधी, कोणत्या वाटेनं यायचं, हे प्रशासनासोबत बसून आधीच ठरतं. स्नानाचा हक्क कुणी नाकारत नाही, पण घाट तेवढाच आहे.

परदेशी बंदराचंही असंच आहे. नौदलात अनेक वर्षं काढल्यावर मी हे पोटतिडकीनं सांगतो. युद्धनौकेला आंतरराष्ट्रीय कायद्यानं विशेष संरक्षण आहे. ती दुसऱ्याच्या धक्क्याला लागली, तरी कप्तानाच्या परवानगीशिवाय तिथला पोलीस तिच्यावर पाय ठेवू शकत नाही. फार तर ‘निघून जा’ एवढंच सांगता येतं. म्हणजे यजमानाच्या हाती खरा अधिकार राहतो तो जहाज आत घेण्याआधीचा. तोच आपण डावलला, तर त्याच्याकडे उरतं काय? आपणही हे मागतोच की. आपल्या 1976च्या सागरी क्षेत्र कायद्याप्रमाणे परक्या युद्धनौकेनं आपल्या 12 सागरी मैलांच्या पट्ट्यात यायचं तर केंद्र सरकारला आधी कळवावं लागतं.

म्हणून बंदरभेटीची विनंती नौदल मुख्यालयातून निघते, संरक्षण आणि परराष्ट्र मंत्रालयांच्या संमतीनं आपल्या दूतावासाकडे जाते आणि तिथून यजमान सरकारकडे. नकारसुद्धा याच वाटेनं यावा. 1985 साली न्यूझीलंडनं ‘बुकॅनन’ या अमेरिकी विनाशिकेला नाही म्हटलं, कारण तिच्यावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे अमेरिका सांगत नव्हती. दोन मित्रदेशांत मोठा तणाव आला, पण निदान बंदराच्या तोंडाशी आलेलं जहाज परत फिरवायची वेळ आली नाही.

आता माझी चूक सांगतो. एका सदिच्छा भेटीत मी समन्वय अधिकारी होतो. शहरातल्या युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहायचं, हे अगदी ऐनवेळी ठरलं. तिथल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला मी फोन केला. तो म्हणाला, ‘आणा मानवंदनेची तुकडी, काही अडचण नाही.’ मी निर्धास्त झालो. दूतावासातल्या आमच्या संरक्षण सल्लागारांना कळवायचं राहूनच गेलं. सकाळी पांढऱ्या गणवेशातली मुलं रायफली घेऊन गँगवेपाशी उभी होती. खाली धक्क्यावर यजमान नौदलाचा एक तरुण अधिकारी आमच्याच अर्जाची प्रत घेऊन उभा. त्यानं सलाम केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ‘किनाऱ्यावर शस्त्रं उतरवणार का?’ पुढं आम्हीच लिहिलेलं होतं, ‘नाही’.

तो तिळमात्र चुकला नव्हता. त्याच्या देशाच्या रस्त्यावरून परकी सशस्त्र तुकडी जाणार, आणि त्याच्या सरकारला पत्ता नाही! मी रायफली परत शस्त्रागारात पाठवल्या. मुलं काही बोलली नाहीत. महिनाभर त्यांनी अशा मानवंदनेचा सराव केला होता. स्मारकापाशी त्यांनी रिकाम्या हातांनी सलामी दिली.