पेटुनियाचं बी मातीआड करू नका

श्रोतेहो, नमस्कार. गणपती गेले, पाऊस ओसरू लागला, की हिवाळी फुलांची रोपं करायचे दिवस येतात. आज पेटुनियाविषयी बोलते.

याचं बी एकदा तळहातावर घेऊन बघा. एका ग्रॅममध्ये साधारण 10,000 दाणे भरतात. मोहरी त्यापुढे थोराड वाटेल. बी टाकलं की वर माती लोटायची, ही आपली सवय. पेटुनियाला मात्र रुजायला उजेड लागतो. पहिल्या वर्षी मी त्यावर बोटभर माती घातली आणि महिनाभर रिकामी कुंडी शिंपत राहिले, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळा, ओल्या कोकोपीटवर भुरभुरवा, हातानं नुसतं दाबा. झारीनं पाणी घातलं तर ते वाहून जाईल. कुंडीच पाण्याच्या परातीत ठेवा, ओल खालून चढेल. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतील. रोप चार बोटं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फुटवे येतात.

पान हाताला चिकट लागतं, तंबाखूसारखं. नावही दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या, तंबाखूच्या ‘पेतुन’ या शब्दावरून आलं. वांगं, मिरची, बटाटा याच कुळातले. आपल्या धोतऱ्याचं फूल शेजारी धरलंत तर कर्ण्याच्या आकारावरून नातं लगेच कळेल.

रंगाची एक गोष्ट तर मला फार आवडते. रिचर्ड जॉर्गेन्सन, कॅरोलिन नॅपोली आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत पेटुनियाचा जांभळा रंग गडद करू पाहत होते. त्यांनी रंगाचं जनुक झाडात जादा घातलं, आणि कित्येक झाडांना फुलं आली पांढरीशुभ्र! नव्या जनुकानं जुन्यालाही गप्प केलं होतं. हे 1990 मध्ये छापून आलं. पुढे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी कृमींवर प्रयोग करून जनुकं अशी गप्प कशी होतात ते उलगडलं. त्यांना 2006 चं नोबेल मिळालं.

आपल्या बागेतला पेटुनिया दोन रानटी जातींच्या संकरातला. जांभळीवर दिवसा मधमाश्या येतात. पांढरी संध्याकाळी दरवळते आणि पतंगांना बोलावते. पांढऱ्या वाणांत तो वास बऱ्याचदा उतरलेला असतो. एक तरी रोप पांढरं लावा, आणि दिवेलागणीला तुम्ही जिथे बसता तिथेच ती कुंडी ठेवा.