मध्ये येणारी चौकट

[काळा-पांढरा स्क्रीन. मजकूर टाईप होतोय. मध्येच एक छोटी चौकट उमटते.]

हातातलं काम चालू असताना मध्येच येणारी ही चौकट. पॉपअप म्हणा, डायलॉग बॉक्स म्हणा. हे यंत्र म्हणजे अ‍ॅपलचा लिसा संगणक. १९८३ साली ते बाजारात आलं, किंमत ९,९९५ डॉलर. वर प्रश्न, खाली बटणं, आणि उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळं ठप्प. आजच्या फोनवरही मांडणी साधारण हीच.

[चौकट नाहीशी होते. तोच क्षण पुन्हा, संथ गतीने.]

हे परत एकदा बघा. चौकट गेली आणि खालचा मजकूर जसाच्या तसा दिसू लागला. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण रांगोळीवर पाट ठेवून उचलला, तर खालची रांगोळी शाबूत राहते का? त्या काळच्या स्क्रीनचंही तसंच होतं. चौकट आली की तिच्याखालचे ठिपके गेलेच. ती हटली की जेवढा तुकडा उघडा पडला तेवढाच, नेमका तेवढाच, पुन्हा काढावा लागायचा.

[पोलरॉइड फोटो एकामागून एक. स्क्रीनवर एकमेकींवर आलेल्या खिडक्या.]

हे फोटो अ‍ॅपलचे प्रोग्रामर बिल अ‍ॅट्किन्सन यांनी काढले. लिसाचा पडदा कसकसा बदलत गेला, ते स्वतःच टिपून ठेवायचे. १९७९च्या अखेरीस अ‍ॅपलची मंडळी झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत गेली होती, त्यांत अ‍ॅट्किन्सनही होते. एका खिडकीवर, म्हणजे विंडोवर, दुसरी खिडकी त्यांनी तिथे पाहिली आणि त्यांची समजूत झाली, की मागची अर्धवट झाकलेली खिडकीही आपोआप नीट होते. प्रत्यक्षात तिथे तसं होत नव्हतं. खिडकीवर क्लिक केल्यावरच ती पुन्हा रंगायची. अ‍ॅट्किन्सन यांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ते करून दाखवलं!

त्यांच्या युक्तीचं नाव रीजन. कसल्याही वेड्यावाकड्या आकाराचा भाग थोडक्या जागेत साठवायचा, दोन भागांची बेरीज-वजाबाकी करायची आणि कुठला तुकडा उघडा आहे ते झटपट काढायचं. झटपट आणि थोडक्यात, दोन्ही हवं. १९८४ साली आलेल्या अ‍ॅपलच्याच मॅकिंटॉशमध्ये सगळी मिळून १२८ किलोबाइट मेमरी होती. ५१२ बाय ३४२ ठिपक्यांच्या एका पडद्यालाच त्यातली सुमारे २२ लागायची. खिडक्यांच्या प्रती जपून ठेवायला जागा होती कुठे? याच काळात अ‍ॅट्किन्सन यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. स्टीव्ह जॉब्स रुग्णालयात धावले, तर अ‍ॅट्किन्सन यांनीच त्यांना धीर दिला: काळजी नको, रीजन अजून लक्षात आहेत.

[रस्त्यावरची ‘नो पार्किंग’ची पाटी. तिच्या कोपऱ्यावर कॅमेरा स्थिरावतो.]

बटणांचे कोपरे गोल का? जॉब्स यांचा हट्ट. अ‍ॅट्किन्सन म्हणाले, याची गरज नाही. जॉब्स त्यांना रस्त्यावर फिरायला घेऊन गेले आणि गोल कोपऱ्यांच्या वस्तू दाखवत सुटले. अशा पाटीपाशी अ‍ॅट्किन्सन यांनी हात टेकले. वर्तुळ काढायला वर्गमूळ लागतं, आणि ते काढण्यात वेळ जातो. ती अडचण त्यांनी आधीच सोडवली होती: १ आणि ३ मिळून ४, त्यात ५ मिळवले की ९. विषम संख्या मिळवत गेलं की वर्ग मिळत जातात, नुसत्या बेरजेवर. त्याच जोरावर गोल कोपऱ्यांचे चौकोनही धावू लागले.

[चाचणीची पुनर्रचना. माउस दोन बटणांमध्ये घुटमळतो.]

लिसाच्या चाचण्यांत बटणांवर आधी ‘डू इट’ (Do It) आणि ‘कॅन्सल’ असं होतं. काही जण नको तिथे ‘कॅन्सल’ दाबायचे. एक गृहस्थ तर चिडलेच. अक्षरांच्या वळणामुळे मोठा आय छोट्या एलसारखा दिसत होता. ते ‘डोल्ट’ (Dolt) वाचत होते, म्हणजे मठ्ठ. मग आलं ‘ओके’. चाचणी घेतली नसती, तर हे कुणाच्या ध्यानात आलं असतं?

[मॅकिंटॉशची बिघाडसूचना. बॉम्बचं चित्र.]

हा बॉम्ब मॅकिंटॉशची चित्रं काढणाऱ्या सुझन केअर यांनी काढला. लोकांना तो कधी दिसणारच नाही, असं प्रोग्रामरांनी त्यांना सांगितलं होतं. प्रोग्रामरांचा आशावाद, दुसरं काय.

मॅकिंटॉशमधली एक सोय मात्र मला फार शहाणपणाची वाटते. सूचनेला चार टप्पे ठरवता येत. पहिल्यांदा चुकलात तर नुसता आवाज. तीच चूक लागोपाठ झाली, तरच चौकट. माणसाला अडवण्याआधी यंत्राने थांबायचं.

[आजचे फोन. चौकटींवर चौकटी.]

नंतर जाहिराती पॉपअपमधून येऊ लागल्या, ब्राउझरांनी त्या अडवल्या, मग कुकींच्या, म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या, संमतीच्या चौकटी आल्या. ‘स्वीकारा’ एका क्लिकवर आणि नकाराला हेलपाटे, म्हणून फ्रान्सने जानेवारी २०२२मध्ये गुगलला १५ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. भारतात ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्यांना मनाई आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण त्यातच येतं.

[मोटारीची नंबरपाटी: ‘नो मोड्स’.]

ही पाटी लॅरी टेसलर यांच्या मोटारीची. आधी झेरॉक्समध्ये, मग अ‍ॅपलमध्ये, लिसाच्या त्या चाचण्याही त्यांच्याच. माणसाला एका अवस्थेत, म्हणजे मोडमध्ये, कोंडून ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांना मुळीच खपत नसे, आणि उत्तर दिल्याशिवाय न हलणारी चौकट म्हणजे तेच. त्यांनी आयुष्यभर हाच आग्रह धरला.

[जीमेल. पत्र जातं. कडेला एक छोटी पट्टी.]

जीमेलने २००९ साली एक प्रयोग केला. ‘खरंच पाठवायचं का?’ असं विचारत बसायचं नाही. पाठवा दाबलं की पत्र ५ सेकंद रोखून धरायचं आणि शेजारी ‘अनडू’ ठेवायचं. चुकलं असेल तो दाबेल, बाकीचे पुढच्या कामाला लागतील. २०१५मध्ये ही सोय सगळ्यांसाठी खुली झाली. आता ती मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते.