शिडांची पन्नाशी

[दृश्य : सां-मालो. दगडी तटबंदी, खाली ओहोटीने उघडी पडलेली वाळू.]

सकाळी इथे समुद्र होता. आता लोक कुत्री फिरवायला आलेत.

फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे सां-मालो. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती येणार असली की पेपरात बातमी येते. इथे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरकच बारा मीटरच्या पुढे जातो. त्यामुळे जहाज आलं आणि धक्क्याला लागलं, असं इथे होत नाही. भरतीच्या वेळी जहाजं एकामागून एक या अरुंद जलद्वारातून आत येतात. मागचा दरवाजा मिटतो. पाण्याची पातळी आतल्या गोदीएवढी होईपर्यंत जहाज मध्येच थांबतं. मग पुढचा दरवाजा उघडतो. बाहेर समुद्र कितीही मागे सरला तरी आतलं पाणी ढळत नाही. तटाच्या वर डोलकाठ्यांचं रान उभं राहतं.

जुलै २००६. टॉल शिप्स, म्हणजे उंच डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजांच्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली. सां-मालोत जमलेली जहाजं इथून इंग्लंडच्या टॉर्बेला जातील. शर्यत खरी तिथून सुटणार, कारण पहिली शर्यतही तिथूनच सुटली होती. पुढे पोर्तुगालचं लिस्बन, स्पेनमधली कादिस आणि आ कोरुन्या, आणि शेवटी बेल्जियमचं अँटवर्प.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. टॉर्बे, १९५६.]

ही कल्पना एका निवृत्त वकिलाची. लंडनचे बर्नार्ड मॉर्गन. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून शिडाची जहाजं जवळजवळ संपली होती. उरली होती ती नौदलांची आणि सागरी शाळांची, मुलांना शिकवण्यापुरती. मॉर्गन यांचं म्हणणं साधं होतं : वेगवेगळ्या देशांतल्या या मुलांना एकदा एकत्र आणा, आणि समुद्रावर आणा. त्यांना साथ मिळाली पोर्तुगालचे लंडनमधले राजदूत पेद्रू तेओतोनियू पेरेरा यांची. म्हणून शर्यतीचं टोक लिस्बन ठरलं.

७ जुलै १९५६. वीसच्या आसपास जहाजं टॉर्बेतून निघाली. नॉर्वेचं ‘क्रिस्टियान राडिक’ त्यांत होतं, बेल्जियमचं ‘मर्कातोर’ होतं. आणि हे लहानसं दोन डोलकाठ्यांचं जहाज पाहा. ‘मोयाना’. साउदॅम्प्टनच्या नौकानयन शाळेतली मुलं त्यावर होती. मोठमोठ्यांना मागे टाकून ते जिंकलं. घरी परतताना इंग्लंडच्या लिझर्ड टोकाजवळ वादळात सापडलं आणि बुडालं. मुलं सगळी वाचली.

खरं तर हा निरोपाचा सोहळा असणार होता. मोठ्या शिडांना शेवटचा रामराम. पण किनाऱ्यावर लोक इतके लोटले की निरोप लांबला, आणि लांबतच गेला.

१९७० च्या दशकापासून तीसेक वर्षं या शर्यतीचा खर्च उचलला तो कटी सार्क या स्कॉच व्हिस्कीने. पोरांची शर्यत आणि पुरस्कर्ता दारूवाला, गंमतच म्हणायची. पण त्याच काळात शीतयुद्धाची भिंत या बंदरांत थोडी किलकिली झाली. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाची ‘क्रुझेनश्टर्न’ आणि ‘तोवारिश’ ही जहाजं शर्यतीत उतरली. ‘क्रुझेनश्टर्न’ मूळचं जर्मन, १९२६ चं ‘पाडुआ’. युद्धानंतर रशियाच्या वाट्याला आलेलं.

[दृश्य : डेकवर रांगेत उभी मुलं. एक मुलगी दोरांच्या जाळीवरून वर चढते.]

आता जरा थांबून हिच्याकडे बघू.

शर्यतीचा एक नियम बाकी सगळ्यांच्या वर आहे. प्रत्येक जहाजावरचे निम्मे लोक पंधरा ते पंचवीस वयाचे हवेत. अनुभव असलाच पाहिजे असं नाही. पहिल्या दिवशी यांतल्या अनेकांना कोणता दोर कशाचा हेही कळत नाही, आणि मोठ्या जहाजावर दोर शंभरावर असतात.

चढताना हात उभ्या दोरांवर ठेवायचे, आडव्या दोरांवर नाही. आडवा दोर पायासाठी असतो, तो तुटू शकतो. चढायचं वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा तुम्हाला जाळीवर दाबून धरतो. वर पोचलं की डोलकाठीवरून परबाणावर सरकायचं. परबाण म्हणजे चौकोनी शीड जिला बांधलेलं असतं ती आडवी काठी. तिच्याखाली पाय ठेवायला एकच दोर. शेजारी कुणी त्यावर पाय टाकला की तुमचा पाय वर उचलला जातो, म्हणून आधी ओरडून सांगायचं आणि मगच पाऊल टाकायचं. कमरेच्या पट्ट्याची कडी अडकवायची. पोट परबाणावर टेकायचं, दोन्ही हात मोकळे करायचे, आणि ओल्या जाड कापडाची घडी मुठीने ओढत वर घ्यायची. एकट्याने ओढलं तर ती निसटते. सगळ्यांनी एका दमात ओढलं तरच येते.

खाली चार-चार तासांच्या पाळ्या. सुकाणू, टेहळणी, भांडी, संडास. सुटका कुणाचीच नाही, जहाज राजाचं असो नाहीतर एखाद्या छोट्या संस्थेचं.

[दृश्य : टॉर्बे. तांबडे कडे, पांढरी शिडं.]

१० जुलै २००६. शर्यत सुटते, आणि इथे पहिली अडचण. आधुनिक नौका वाऱ्याच्या दिशेशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करून पुढे जाते. चौकोनी शिडांच्या जहाजाला साठ अंशांच्या आत जाणं जमत नाही. वारा समोरून आला की त्याला मोठा वळसा घ्यावा लागतो. मग शंभर मीटरचं जहाज आणि बारा मीटरची नौका यांची शर्यत लावायची कशी? प्रत्येकीला तिच्या बांधणीप्रमाणे एक गुणक दिलेला असतो. लागलेल्या वेळाला त्याने गुणायचं. म्हणून बंदरात पहिलं पोचलेलं जहाज पहिलं आलंच असं नाही. पत्रकारांना हे नेहमी चुकतं.

बिस्केचा उपसागर ओलांडला की पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेचा वारा लागतो. पाठीमागून येणारा. चौकोनी शिडांना हवा असतो तसाच.

[दृश्य : टेगस नदी. लाल झुलता पूल, त्याखालून सरकणाऱ्या डोलकाठ्या.]

लिस्बन. १९५६ साली इथे आलेल्या मुलांना हा पूल दिसला नव्हता. तो झाला १९६६ मध्ये. त्याला तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं नाव होतं. १९७४ च्या क्रांतीनंतर ते पुसलं गेलं आणि पूल ‘२५ एप्रिल’चा झाला. पाण्यापासून सत्तर मीटर उंच. खालून जाताना तरी प्रत्येक जण मान वर करून बघतो, डोलकाठी घासते की काय.

याच सालाझारच्या राजवटीने १९५६ मध्ये जगभरच्या पोरांचं स्वागत केलं. आदल्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या त्याही तिच्याच.

हे पांढरं जहाज, शिडांवर तांबडे क्रूस मिरवणारं, ‘साग्रेश’. पोर्तुगीज नौदलाचं. बांधलं हॅम्बुर्गमध्ये, १९३७ साली. मग अमेरिका, मग ब्राझील, आणि १९६१ पासून पोर्तुगाल. याचे मालक चार झाले, काम एकच राहिलं. मुलं शिकवायची.

[दृश्य : ‘तरंगिणी’. तीन डोलकाठ्या, तिरंगा. संडरलँड, २०१८.]

ही दृश्यं बारा वर्षांनंतरची, पण इथेच दाखवायला हवीत. आयएनएस तरंगिणी. पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये वास्कोला जी गोदी सुरू केली, तीच आजची गोवा शिपयार्ड. तिथे ही बांधली. १९९७ मध्ये नौदलात आली, २००३-०४ मध्ये जगाची फेरी करून आली, आणि २०१८ मध्ये इंग्लंडच्या संडरलँडला याच शर्यतीच्या मेळ्यात उभी राहिली. तिच्यावर शिकतात ते नौदलाचे कॅडेट. मालवण, हर्णै, वसईच्या पोरांनी अशा जहाजावर पाय ठेवायचा तर त्यांनी आधी नौदलात भरती व्हायचं का? या शर्यतीत उतरणारी कितीतरी मुलं पुढे जन्मात समुद्रावर नोकरी करणार नाहीत. कुणी सुतार होईल, कुणी परिचारिका. तरी त्यांना चढवतात.

[दृश्य : आ कोरुन्या. दीपगृह. काचेच्या सज्जांची घरं.]

कादिस मागे पडलं. उत्तरेकडे वळल्यावर तोच वारा आता तोंडावर.

आ कोरुन्याचं हे दीपगृह रोमन काळातलं. हर्क्युलीसचा मनोरा. बाहेरचं दगडी काम अठराव्या शतकातलं, आतला गाभा सुमारे एकोणीसशे वर्षांचा, आणि दिवा अजून चालू. याच्या पश्चिमेचा किनारा फुटलेल्या जहाजांसाठी ओळखला जातो. लोक त्याला मृत्यूचा किनारा म्हणतात.

या शर्यतीनेही माणसं गमावली आहेत. १९८४ मध्ये बर्म्युडाजवळ ‘मार्केस’ बुडालं, २८ पैकी १९ जण गेले.

बंदरात मात्र सुट्टी. शहरातून मिरवणूक निघते. प्रत्येक जहाजाचं टोळकं आपापला झेंडा, आपापले ढोल, काहीतरी चित्रविचित्र वेष करून. कॅप्टनही त्यातच. शर्यतीच्या मधल्या एका टप्प्यात स्पर्धा नसते. त्या वेळी मुलं जहाजं बदलतात, पोलंडची मुलगी ब्रिटिश जहाजावर, स्पॅनिश मुलगा डच जहाजावर. भाषा कळत नाही. दोर तेच असतात.

[दृश्य : स्खेल्डे नदी. सपाट काठ, पवनचक्क्या, कारखाने. मग अँटवर्पचा धक्का.]

अँटवर्प समुद्रावर नाही. नदीतून ऐंशी-एक किलोमीटर आत यावं लागतं, शिडं गुंडाळून, इंजिनावर, मालवाहू जहाजांच्या रांगेत. धक्क्यावर जुना किल्ला, हेट स्टेन, आणि त्याच्यासमोर जहाजांच्या रांगा. तिकीट नाही. लहान मुलांना खांद्यावर घेऊन बाप रांगेत उभे आहेत.

बक्षीस समारंभात गुणकांचा हिशेब वाचला जातो. टाळ्या पडतात. पण सगळे थांबतात ते शेवटच्या करंडकासाठी. मैत्रीचा करंडक. तो वेगासाठी नाही. देशादेशांतल्या मैत्रीसाठी सगळ्यांत जास्त झटलेलं जहाज कोणतं, हे जहाजांवरचेच लोक मत देऊन ठरवतात. १९७४ ला जी सोव्हिएत जहाजं पाहायला गर्दी उसळली, त्यांतल्या ‘क्रुझेनश्टर्न’ला आणि बाकी रशियन जहाजांना २०२२ मध्ये या शर्यतीत प्रवेश बंद झाला. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर.

त्यापुढची शर्यत बाल्टिकमध्ये झाली. २००७. ऑरहूस, कोटका, स्टॉकहोम, श्चेचिन. जहाजावर चढायचं तर पंधरा वर्षं पूर्ण झालेली हवीत.