रात्री गरम कशाला?

नमस्कार मंडळी. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला, तेव्हा जर्मनीत कितीही वर्षं काढली तरी आपलं मराठीपण शाबूत आहे.

गेल्या रविवारी मंडळातल्या एका सहा वर्षांच्या मुलीनं पुण्याहून आलेल्या आजीला विचारलं, "आजी, रात्री गरम कशाला?" आजींनी नुकताच वरणभाताचा कुकर उतरवला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत.

पोरीचं चुकलं कुठे? तिचं गरम जेवण दुपारी शाळेत होतं. तिच्या मैत्रिणींकडे संध्याकाळी साडेसहाला आबेंडब्रोट, म्हणजे पावाचं थंड जेवण असतं. ताटाऐवजी लाकडी फळी, तिच्यावर पाव, लोणी, चीज, काकडी, मुळा. गॅस पेटतच नाही. भारतातून आलेल्या आईबाबांना वाटतं, घरात कोणी आजारी आहे की काय!

पावाच्या बाबतीत आपण अजून कच्चे आहोत. काळा दिसला की पौष्टिक म्हणून उचलतो. तो रंग पुष्कळदा माल्टचा असतो. पाटीवर 'फोल्कोर्न' वाचा, मग त्यात किमान 90 टक्के अख्ख्या धान्याचा माल असतो. 'रॉगनब्रोट' म्हणजे किमान 90 टक्के राय हे धान्य (फोडणीतली राई नव्हे!). रायच्या पिठाला आंबवण लागतंच, नाहीतर आतला गर चिकट राहतो. आणि कृपा करून पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातला स्टार्च लवकर घट्ट होतो, पाव उलट लवकर शिळा होतो. कापलेली बाजू फळीवर पालथी ठेवा. जास्त उरला तर काप करून थेट फ्रीझरमध्ये.

शिळ्या पावाचं बव्हेरियात काय करतात ते पाहिलं की फोडणीची पोळी आठवते. झेमलक्नोडल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे. 250 ग्रॅम शिळ्या झेमलचे (छोट्या गोल पावांचे) पातळ काप, त्यावर पाव लिटर कोमट दूध, अर्धा तास झाकण. मग 2 अंडी, परतलेला कांदा, पार्सली, मीठ. ओल्या हातानं गोळे वळायचे आणि मिठाच्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवायचे. पाणी खळाखळा उकळलं की गोळे फुटतात. ते नुसतं थरथरायला हवं. आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर मिश्रणात मूठभर पावाचा चुरा घाला. ताजा पाव वापरलात तर लगदाच होणार, ताज्या पोळीचा कुस्करा होतो तसा.

पण ती पोर काही डोक्यातून जात नाही. आपण गरम-गरम म्हणतो आणि मुलांना साडेआठला टॅबलेटसमोर भरवतो. जर्मन घरात थंड पाव असेल, पण सगळे एका टेबलाशी असतात. तिथे कोणी वाढत मात्र नाही. ज्यानं त्यानं आपलं लोणी लावायचं. मग "वाढू का?", "अर्धीच घाल", "आता पुरे", "भातावर तूप राहिलं" हे सगळं त्या मुलीच्या कानावर कधी पडणार? की साडेसहाला, फळीवरच, मराठीत बोलायचं? मला खरंच ठरवता येत नाही. आजींचं विमान गुरुवारी आहे.

असो. पलीकडे मसालेभात निवतोय. पोरं केव्हाच ब्रेट्झेल (गाठीसारखा वळलेला खारा पाव) खाऊन मोकळी झालीत.