मेडिकलला दिलेल्या देहाचं पुढे होतं तरी काय?

"मला जाळू नका, मेडिकलला देऊन टाका." नागपुरात असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक घराण्यात सापडतो. फॉर्म भरलेला, साक्षीदारांच्या सह्या झालेल्या. पुढे काय होतं, ते मात्र ना काकांना ठाऊक, ना घरच्यांना.

तर राजेहो, नागपुरातलं कुठलंही सरकारी मेडिकल कॉलेज घ्या, मेडिकल असो, मेयो असो की मिहानचं एम्स, देह जातो ॲनाटॉमी म्हणजे शरीररचनेच्या विभागात. तिथे आधी एम्बामिंग. मांडीतली किंवा मानेतली मोठी धमनी उघडून तिच्यात नळी बसवतात आणि फॉर्मालिन, ग्लिसरीन वगैरेंचं द्रावण सोडतात. रक्ताच्याच वाटेनं ते बोटांच्या टोकापर्यंत पोचतं. फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकतं, म्हणून सडणं थांबतं. ग्लिसरीन कशाला? देहाचं पार लाकूड होऊ नये म्हणून. हे सगळं लवकर व्हावं लागतं. आपल्या मे महिन्यात, 45 अंशांत, "धाकटा पुण्याहून निघालाय, थांबा" करत बसलात तर झालंच!

मग एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पोरं येतात. बऱ्याच कॉलेजांत आधी देहासमोर शपथ होते. फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात, पण खरी फजिती पुढेच. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी, नस (नर्व्ह) पिवळी. इथे काखेत सगळंच मळकट. मग बोटांत धरून बघायचं: भरीव लागली तर नस, पोकळ लागली तर धमनी. त्यातही दंडातली धमनी साधारण कोपराशी दुभंगते, पण एखाद्याची पार वर, काखेजवळच. हे चित्रातून हाताला कळत नाही, आणि पुढे सर्जनला कळलंच पाहिजे.

काम संपलं की हाडं बऱ्याचदा साफ करून शिकवायला ठेवतात. बाकीची विल्हेवाट कॉलेजच लावतं. म्हणजे रक्षाविसर्जनासाठी सहसा हाती काही येत नाही. आजीला हे आधीच सांगा, तेराव्याला नको.

अपघात, आत्महत्या, पोस्टमॉर्टेम झालेला देह, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल, तर कॉलेज सहसा नाही म्हणतं. डॉक्टरचं डेथ सर्टिफिकेट लागतंच. आणि फॉर्म कितीही जुना असो, त्या रात्री फोन घरच्यांनीच करायचा असतो. थोरल्यानं "नाही" म्हटलं की विषय संपला. म्हणून काका, सही करताना त्यालाच साक्षीदार घ्या.

कमेंटमध्ये नेहमी येणारा प्रश्न: डोळे आधी देता येतात का? येतात. नेत्रपेढीला लगेच कळवा, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत माणसं घरी येऊन बुबुळाचा पारदर्शक पडदा घेऊन जातात, त्यानंतरही देहदान होतं. किडनी, लिव्हर काढलेला देह मात्र बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.