कॅन्सल दाबा, मग पुढचं बोलू

मंडळी, कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू होतो, सी ड्राइव्ह जागेवर असतो, आणि डी किंवा ई वर क्लिक केलं की विंडोज सांगतं, हा ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल. खाली दोन बटणं असतात. त्यातलं ‘कॅन्सल’ दाबायचं. माझं बाकीचं बोलणं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. त्या ड्राइव्हवर मुलीच्या बारशाचे फोटो असतात, वडिलांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी असतात, आणि बहुतेक वेळा त्या क्षणी ते सगळं तिथंच असतं.

मग दिसत का नाही? जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा पहिला छोटा कप्पा, असतो 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट कॉम्प्युटर सुरू करण्याच्या कोडचे. त्यानंतर 16 बाइटची एक अशा चार नोंदी: कुठलं पार्टिशन, म्हणजे डी, ई सारखा डिस्कचा भाग, कुठून सुरू होतं, केवढं आहे. शेवटचे दोन बाइट 55 आणि एए, ही खूण. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर काय कुठे आहे, याची पहिली नोंद फक्त 64 बाइटमध्ये मावते. ती बिघडली, किंवा त्या पार्टिशनचा स्वतःचा पहिला सेक्टर, म्हणजे बूट सेक्टर, बिघडला, की विंडोजला तिथे काहीच ओळखू येत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून प्रकरणं जळत नाहीत, तसंच हे.

शिवाय ही व्यवस्था करणाऱ्यांनी जोडप्रती ठेवल्या आहेत. एनटीएफएस आणि फॅट32 या ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या दोन पद्धती. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी असते. फॅट32 मध्ये ती सहसा सेक्टर क्रमांक 6 वर सापडते. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर पार्टिशनच्या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला असते. टेस्टडिस्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच हुडकतं. अनेकदा हरवलेलं पार्टिशन फोल्डरच्या नावांसकट समोर येतं.

पण टेस्टडिस्क चालवण्याआधी डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. मी याबाबत हट्टी आहे, कारण लोकांचं नुकसान मूळ बिघाडापेक्षा नंतरच्या खटपटीत जास्त होतं. विंडोजमधल्या ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या साधनाचंच घ्या. फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींच्या नोंदींची व्यवस्था, सुसंगत करणं हे त्याचं काम. तुमचा फोटो वाचवणं हे त्याचं काम नाही. जुळत नसलेल्या नोंदी ते काढून टाकतं आणि उरलेले तुकडे ‘सीएचके’ नावाच्या फाइलींत टाकतं. तेही मूळ डिस्कवर लिहून! फाइल परत मिळवणारं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करणं, सापडलेल्या फाइली तिथेच सेव्ह करणं, यानेही तेच होतं: जुन्या डेटावर नवं लिहिलं जातं.

इमेजसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. चांगले भाग ते आधी उचलतं, खराब जागा बाजूला ठेवून मागाहून त्यांच्याकडे वळतं. कुठवर वाचलं याची नोंद वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. डिस्क मात्र टकटक वाजत असेल, तर यातलं काहीच करू नका. केबल काढा, पुन्हा चालू करून बघू नका. तिथून पुढे डिस्क उघडू शकणाऱ्या प्रयोगशाळेचं काम.

विंडोज नव्याने टाकल्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं, तर घाबरू नका. तो मालकी हक्काचा प्रश्न आहे, बदलून घेता येतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर पासवर्ड किंवा 48 अंकी रिकव्हरी की लागतेच. बऱ्याच जणांची ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जतन झालेली असते, तिथे आधी बघा. एसएसडीवर पुसलेल्या फाइलींची आशा फार कमी, कारण ट्रिम ही सोय चालू असली की पुसलेल्या फाइलींची जागा डिस्क स्वतःच रिकामी करते.

नोंदी पूर्ण गेल्या असतील तर फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर. ते नाव बघत नाही, फाइलचा आरंभ ओळखतं. जेपेग एफएफ डी8 एफएफ ने सुरू होते, त्यावरून. नावं आणि फोल्डर जातात, हजारो फाइली नुसत्या क्रमांकांनी हाती येतात. पण फोटो काढल्याची तारीख सहसा फोटोच्या आतच असते, त्यावरून वर्षवार लावता येतात.

आणि आपल्याकडची एक गोष्ट. जुन्या मराठी फाइली श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतात. परत मिळालेली अशी फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो, आणि लोक ती ‘करप्ट’ समजून स्वतःच्या हाताने पुसतात. फार वाईट वाटतं हे बघून. फाइल शाबूत असते, मशिनवर फॉन्ट नसतो. वर्डमध्ये मजकूर निवडा, वर फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसेल. तो फॉन्ट मिळवून टाका, मजकूर नीट वाचता येतो का बघा, आणि मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या. जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्यांखालून घालावे लागतात.