छपरं पायाशी

(दृश्य : बेटाचा दक्षिण भाग, सकाळ. रस्त्यावरून खाली पाहणारा कॅमेरा.)

आपण रस्त्यावर उभे आहोत आणि समोरच्या घराचं छप्पर आपल्या गुडघ्याला लागतंय. घर बुटकं नाही, घर खाली आहे. पाच-सात पायऱ्या उतरल्या की अंगण. दोरीवर कपडे, चूल, दोन कोंबड्या, भिंतीला टेकवलेली सायकल. पुढे असंच दुसरं अंगण, मग तिसरं. अख्खी वस्ती खड्ड्यात. कोकणातली बंद पडलेली चिरेखाण पाहिली असेल तर ती आठवा, आणि तिच्या तळाला गाव वसलंय अशी कल्पना करा.

हे मोझांबिक बेट. मकुआ भाषेत ओमुहिपिती. पोर्तुगीज बोलणारे नुसतं 'इल्या' म्हणतात, म्हणजे बेट; कुठलं ते सांगावं लागत नाही. लांबी सुमारे ३ किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली बंदरांची जी माळ होती, त्यातला हा दक्षिणेकडचा मणी. १४९८ च्या मार्चमध्ये वास्को द गामा इथे पोचला, तेव्हा इथे अरबी व्यापाऱ्यांची गलबतं लागलेली होती आणि गावाला मुसलमान शेख होता. त्या शेखाचं नाव मुसा बिन बिक, असं मानतात. त्याच्या नावावरून बेटाचं नाव पडलं, आणि बेटावरून पुढे देशाचं.

(दृश्य : बेटाचा उत्तर भाग. चौक, फरसबंदी, गेरू रंगाचा राजवाडा.)

हे दुसरं टोक. हे मात्र सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. रुंद चौक, खांबांचे व्हरांडे, जाड भिंती, उंच दरवाजे. ह्या भागाला 'पेद्रा ई काल' म्हणतात. शब्दशः अर्थ, दगड आणि चुना. खालच्या वस्तीला 'मकुती' म्हणतात, म्हणजे माडाच्या झावळ्यांची झापं. दोन्ही शहरांची नावं बांधकामाच्या सामानावरून पडलेली. आणि वरच्या शहराचा दगड निघाला तो खालच्या शहराच्या जागेतून.

म्हणजे ती वस्ती खड्ड्यात गेली नाही. खड्डा आधी झाला, वस्ती मग आली.

(दृश्य : पडक्या भिंतीचा जवळून घेतलेला भाग. दगडात शंखाचा ठसा.)

हा दगड नीट बघा. ह्यात मेंदूसारख्या वळ्या दिसतात, मधेच शिंपला दिसतो. हा प्रवाळाचा दगड. सगळं बेटच जुन्या प्रवाळावर उभं आहे, त्यामुळे दगड आणायला कुठे जावं लागलं नाही. पायाखालचं खणलं की झालं. बाहेर काढल्यावर तोडायला सोपा, पण सच्छिद्र. खारं वारं शोषून घेतो. म्हणून त्याला उघडा ठेवत नाहीत, चुन्याचा गिलावा देतात. आणि चुनाही त्याचाच: प्रवाळाचे तुकडे लाकडांच्या ढिगावर रचून भाजायचे, भाजलेल्यावर पाणी मारायचं, ते फसफसतं, फुटतं, त्याचं पीठ होतं. ते मुरवायचं. आपल्याकडे किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजतात, तीच रीत. भिंतीत दगड प्रवाळाचा, सांध्यात प्रवाळ, गिलाव्यातही प्रवाळ.

वर कांदळाचे वासे. खारफुटीचं हे लाकूड वाळवीला दाद देत नाही, पण सरळ मिळतं ते थोड्याच लांबीचं. म्हणून स्वाहिली किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत खोल्या लांबट आणि अरुंद असतात. खोली किती रुंद असावी हे घरमालक ठरवत नसे, कांदळाचं झाड ठरवत असे. वाशांवर दगडाच्या फरश्या, त्यावर चुन्याचा थर, ठोकून ठोकून घट्ट केलेला.

(दृश्य : गच्ची. उतारावरून ओघळणारं पावसाचं पाणी, कोपऱ्यातली नळी.)

आणि गच्ची सपाट का, तर ह्यासाठी. बेटावर नदी नाही, झरा नाही. इथे गोडं पाणी एकाच बाजूनं यायचं, वरून. गच्चीला डोळ्याला कळणार नाही इतका उतार, कोपऱ्यात नळी, नळीखाली टाकं. पावसाळ्याआधी गच्ची झाडायची, धुवायची, चुना मारायचा. घराघरातून हे काम होतं. चुना मारलेली गच्ची हे ह्या बेटाचं धरण होतं म्हणा ना.

सगळ्यात मोठं टाकं इथे आहे.

(दृश्य : साओ सेबाश्तियाओ किल्ला, भिंतीवरून समुद्र, मग आतलं मोकळं पटांगण.)

पोर्तुगीजांचा साओ सेबाश्तियाओचा किल्ला. काम सुरू झालं १५५८ मध्ये, पुरं व्हायला १६२० उजाडलं. आतलं हे पटांगण रिकामं वाटतं, पण ते रिकामं नाही. त्यावर पडणारा पाऊस वळवून टाक्यात साठवायची सोय आहे. १६०७ आणि १६०८, लागोपाठ दोन वर्षं डच आरमारानं ह्या किल्ल्याला वेढा घातला. गाव जाळलं. किल्ला मिळाला नाही. वेढ्यात पाणी आत असलं म्हणजे काय होतं, हे रायगड-राजगडाची टाकी पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

किल्ल्याच्या बाहेर, अगदी टोकाला, लाटांच्या तोंडावर हे छोटं देऊळ. बुरुजावरच्या मातेचं चॅपल, १५२२ चं. किल्ल्याच्याही आधीचं. दक्षिण गोलार्धातली उभी असलेली सगळ्यात जुनी युरोपीय वास्तू म्हणून ह्याचा उल्लेख होतो. आत गेलं की छताच्या कमानींच्या फासळ्या वर जाऊन एकमेकींत गुंततात. बाहेर वाऱ्याचा आवाज इतका की आत बोलायचं तर कानाशी यावं लागतं.

(दृश्य : चॅपलच्या दारातून दिसणारा समुद्र. शिडाची होडी फ्रेम ओलांडते.)

लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटलेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून इथे यायची. वारा साधला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा. नाही साधला तर इथेच पुढच्या मोसमाची वाट बघायची. तापानं, स्कर्व्हीनं आजारी माणसं इथे उतरवायची, त्यातली कित्येक परत जहाजावर चढलीच नाहीत. जुन्या गोव्यात ज्यांच्या शवाच्या दर्शनाला रांगा लागतात, ते फ्रान्सिस झेवियर १५४१ मध्ये असेच इथे अडकले आणि निम्मं वर्ष आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिले. उलट दिशेनं निघालेला कवी लुईश द कामोंइश गोवा सोडून इथे आला, कर्जापायी अडकला. १५६९ मध्ये इतिहासकार दियोगु दू कोतु आणि मित्रमंडळींना तो इथे सापडला, मित्रांच्या ताटात जेवून दिवस काढणारा. त्यांनी वर्गणी काढली, त्याला कपडे केले, जहाजावर घातलं. आता त्याचा पुतळा समुद्राकडे बघत उभा आहे.

(दृश्य : राजवाड्याचं आतलं दालन. कोरीव लाकडी खुर्ची, हातावरचं नक्षीकाम जवळून.)

ही खुर्ची ओळखीची वाटते? मडगावच्या, लोटलीच्या जुन्या घरांत अशीच दिसते. राजवाड्यातल्या फर्निचरमध्ये गोव्याच्या सुतारांचं काम बरंच आहे, आणि त्यात नवल नाही. १७५२ पर्यंत ह्या बेटाचा कारभार गोव्याहून चालत होता. हुकूम मांडवीच्या काठावरून सुटायचे. ही वास्तू आधी जेझुइट पाद्र्यांचं कॉलेज; त्यांना हाकलल्यावर गव्हर्नर इथे राहायला आले.

दीवचे बनिये १६८६ पासून सनद घेऊन इथे व्यापार करत होते. गुजरातचं कापड यायचं, हस्तिदंत जायचं. मुख्य भूमीवर आत खोलवर ते कापड पैशासारखं चालत असे. त्यांच्या वंशजांचं देऊळ आजही बेटावर आहे.

मराठी कान टवकारावेत अशी एक गोष्ट ह्या खुर्चीच्या निमित्तानं सांगून टाकतो. १८९५ मध्ये, हे बेट अजून पोर्तुगीज मोझांबिकची राजधानी असताना, गोव्यातल्या मराठा पलटणींना मोझांबिकला लढाईवर जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी समुद्र ओलांडायला साफ नकार दिला, बंड केलं, सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यात शिरले. सत्तरीतले जमीनदार राणे त्यांना मिळाले. ते मोडायला लिस्बनहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावं लागलं. तो वेगळ्या फिल्मचा विषय.

(दृश्य : ओहोटीचा किनारा. वाळूत वाकून काहीतरी शोधणारी दोन मुलं. मुलाच्या तळहातावर मणी.)

काचेचे मणी. लाल, निळे, एक पिवळट पांढरा. जुन्या बुडालेल्या जहाजांमधले, अजून वाळूत येतात. मुलं वेचतात, दोऱ्यात ओवतात, पाहुण्यांना विकतात. ह्या मण्यांनी, कापडानं एकेकाळी माणसं विकत घेतली जात. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि पुढेही इथून गुलामांची जहाजं हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांकडे, ब्राझीलकडे, क्यूबाकडे सुटत. १७९४ च्या डिसेंबरात 'साओ जुझे' हे जहाज ५०० वर माणसं कोंबून इथून निघालं आणि केपटाऊनपाशी खडकावर फुटलं. २०० वर बुडाली. उरलेली तिथे विकली गेली.

(निवेदन नाही. फक्त लाटा. पंधरा सेकंद.)

(दृश्य : मकुती. अरुंद बोळ, कुडाच्या भिंती, उंबऱ्यात बसलेली बाई.)

परत खाली येऊ. एस्तेऊ, लितीन, मकरीपे. मोहल्ल्यांची ही नावं. बेटावरची बहुसंख्य माणसं इथेच राहतात.

ही आजी सहाणेसारख्या दगडावर लाकडाचा तुकडा उगाळतेय. थोडं पाणी, थोडं घासणं, परत पाणी. हे मुसिरो. चंदन उगाळावं तसं, फक्त गंधाऐवजी अख्ख्या चेहऱ्याला. पांढरा लेप वाळला की चेहरा मुखवट्यासारखा होतो, डोळे तेवढे हलतात. त्वचा नितळ राहते म्हणतात. कॅमेरा पाहून ती हसली, तेव्हा गालावरच्या लेपाला बारीक चीर गेली. तिनं बोट पाण्यात बुडवून तेवढी जागा परत सारवली.

भिंत अशी होते : खांब रोवायचे, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या, मधे दगडाचे तुकडे आणि माती भरायची, वरून गिलावा. आपला कूडच, पोटात प्रवाळ भरलेला. छपरावर झापं, एकीवर एक चढवलेली, खालून वर. झाप फार वर्षं टिकत नाही, दर काही वर्षांनी शाकारायला लागतं. शाकारणीला माड हवा, विणणारे हात हवेत, पैसे हवेत. म्हणून बऱ्याच घरांवर आता पत्रा दिसतो. पत्रा तापतो. पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही. पण दर काही वर्षांनी बदलावा लागत नाही.

१९९१ मध्ये युनेस्कोनं बेटाला जागतिक वारसा ठरवलं. त्या नोंदीत दगड आणि मकुती, दोन्ही आहेत. सोळाव्या शतकापासून इथे बांधणीच्या रीती आणि सामान तेच राहिलं, हेच तर त्यात महत्त्वाचं मानलंय. माहितीपत्रकावर मात्र दगड छापतात.

(दृश्य : पडका वाडा. भिंतीतून उतरलेली मुळं.)

दगडाच्या शहराचं काय झालं, हे पण बघून घेऊ. १८९८ मध्ये राजधानी दक्षिणेला लोरेंसु मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला गेली. व्यापार नकालाच्या खोल बंदरानं नेला. १९७५ ला देश स्वतंत्र झाला, पोर्तुगीज घरं सोडून गेले. नंतरच्या यादवी युद्धात मुख्य भूमीवरून माणसं जीव वाचवायला बेटावर आली आणि खालच्या वस्तीत मावतील तशी मावली. वर रिकामे वाडे, खाली दाटी. गच्चीला चुना मारणारं कोणी नसलं की एक पावसाळा पुरतो. पाणी मुरतं, वासा कुजतो, गच्ची खाली येते, आणि वड-पिंपळाच्या भाऊबंदांपैकी एखादं झाड भिंतीत पाय रोवतं.

२०२२ च्या मार्चमध्ये गोम्बे आणि २०२५ च्या मार्चमध्ये ज्यूड, ही चक्रीवादळं समोरच्या मोस्सुरीलला किनाऱ्यावर चढली. बेटाला तडाखा बसला, छपरं गेली, आणि खाणीच्या तळाला पाणी साचायचं तसं साचलं.

(दृश्य : मकुती. छपरावर बसलेला माणूस. खालून त्याच्याकडे झाप फेकली जाते.)

झाप वर येते. तो ती झेलतो, वाशावर ठेवतो, सुंभाचा फेरा घेतो, दातानं गाठ ओढतो. दुसरी येते. त्याच्या मागे, छपराच्या रेषेवर, रस्ता. रस्त्यावरून डोक्यावर पाण्याचा डबा घेतलेली एक बाई जाते. फ्रेममध्ये तिची फक्त पावलं आहेत, आणि ती त्याच्या खांद्याच्या उंचीवरून चाललीत. तो वर न बघता काहीतरी विचारतो. ती न थांबता उत्तर देते. खालून झाप येते.